न्यूट्रिशनिस्ट आणि डाएटिशियन : मुलाला कोणाकडे न्यायचं?



मराठीत आपण दोघांनाही सरसकट 'आहारतज्ज्ञ' म्हणून मोकळे होतो. त्यामुळे दारावरची पाटी वाचून फारसं काही कळत नाही. फरक आहे तो कामात.

शालेय पोषण आहाराचंच उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने, हे निकष आपल्याला पाठच असतात. असा सगळ्या मुलांसाठी मिळून विचार करणं हे मुख्यतः न्यूट्रिशनिस्टचं क्षेत्र. गावातलं कुपोषण, खेळाडूंचा आहार हेही त्यातच येतं.

आता त्याच पंगतीत बसलेल्या एका मुलाला सीलिअॅक आजार आहे असं समजा. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन त्याच्या आतड्याला चालत नाही. पोळी बंद केली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण रवा, मैदा, गव्हाच्या शेवया? आणि डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे रोजची आमटीसुद्धा आली! ज्वारी, नाचणी चालते, पण ती गहू दळलेल्या गिरणीतून आणली तर पुन्हा तेच. हे सगळं त्या एका मुलाच्या ताटापर्यंत जाऊन बघणं हे डाएटिशियनचं काम, आणि तेही डॉक्टरांच्या उपचाराला धरून. टाइप 1 मधुमेहात भाकरी-भाताचा मेळ इन्सुलिनशी घालावा लागतो. मूत्रपिंडाच्या आजारात तर एरवी पौष्टिक म्हणून दिलेलं केळं किंवा शहाळंही कधी कधी बंद करावं लागतं.

आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय कायद्यात दोन्ही व्यवसायांची नोंद आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन 'आर. डी.' म्हणजे नोंदणीकृत डाएटिशियन ही मान्यता देते. तरीही चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून 'न्यूट्रिशनिस्ट' म्हणवणारे भेटतातच. तेव्हा शिक्षण काय, रुग्णालयात काम केलंय का, हे सरळ विचारा. त्यात संकोच कसला?

आणि पालकहो, डाएटिशियनने दिलेल्या तक्त्याची एक प्रत वर्गशिक्षकांना, एक खिचडी शिजवणाऱ्या ताईंना द्या. वाढदिवसाला वर्गात बिस्किटं वाटली जातात, तेव्हा तुम्ही तिथे नसता.