शेवटची पायरी आधी का शिकवायची?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. गावातल्याच शाळेत जाते. विशेष शिक्षिका मॅडम घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, सलवार घालायला शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा. आपण तर कुठलंही काम पहिल्यापासून शिकतो, मग हे उलटं का? सासूबाई म्हणतात, लेकराला कशाला त्रास, मी देते की घालून. कोणाचं ऐकू?
– एक आई, पाथरी तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, मॅडमचं ऐका. सासूबाईंच्या मायेबद्दलही बोलू, पण आधी उलट्या क्रमाचं.

सलवार घालणं आपल्याला एकच काम वाटतं. तुमच्या लेकीला त्यात सात-आठ कामं दिसतात. पुढची बाजू ओळखायची, कमरेची कड दोन्ही हातांनी धरायची, खाली बसायचं, एक पाय घालायचा, दुसरा घालायचा, गुडघ्यापर्यंत ओढायची, उभं राहायचं आणि मग कमरेपर्यंत न्यायची. पहिल्यापासून शिकवायला गेलं की ती एक पाय घालते आणि अडते. शाळेची वेळ झालेली असते, म्हणून उरलेलं तुम्ही करता. रोज तिच्या वाट्याला सुरुवात आणि अडणं येतं, काम पुरं होतं ते आईच्या हातून.

आता क्रम फिरवा. सलवार तुम्ही जवळजवळ कमरेपर्यंत चढवून द्या आणि शेवटची ओढ तिच्यावर सोडा. तिनं ओढलं की काम संपलं. संपवल्याचं समाधान तिच्या स्वतःच्या हालचालीला लागून लगेच मिळतं, आणि ज्या हालचालीनंतर असं काही चांगलं मिळतं ती मूल पुन्हा करतं. ती ओढ पक्की झाली की सलवार मांड्यांपर्यंतच चढवा, मग गुडघ्यापर्यंत. दर वेळी तुमचं काम एका पायरीनं कमी होतं, पण शेवट कायम तिचाच राहतो. प्रत्येक कामाला हाच क्रम हवा असं मात्र नाही. पहिल्या पायरीपासूनही मुलं शिकतात. जिचा धीर मध्येच सुटतो, तिच्यासाठी मात्र शेवटाकडून जाणं सोपं.

मदत कशी करायची, हे मला क्रमापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. समोर बसू नका, तिच्या मागे उभ्या राहा आणि तिच्या हातांवर हात ठेवून करून घ्या. म्हणजे तिचे हात नेमके तसेच हलतात, जसे एकटीनं करताना हलायला हवेत. मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटानं दाखवणं. तोंडानं सतत ‘ओढ, वर ओढ’ सांगणं टाळा. हाताची मदत हळूहळू कमी करता येते, पण बोलण्याची सवय मोडणं फार अवघड. मूल हुकमाची वाट पाहायला शिकतं आणि हुकूम नसेल तर तसंच उभं राहतं. म्हणून मदत करण्याआधी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. ते पाच आकडे फार लांब वाटतील, पण तिला विचार करायला तेवढा वेळ लागतो.

काही ठिकाणी मुलीला बदलण्यापेक्षा वस्तू बदलावी. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, त्यामुळे बोटांची पकड कमी पडते. नाडीची गाठ मारणं हे अनेक मुलींचं अडून बसण्याचं ठिकाण असतं. इलॅस्टिक घाला, गाठ पुढे कधीतरी शिकेल. शेजारीपाजारी एका बाजूनं अधू असलेलं एखादं मूल असेल तर त्याच्या आईला एवढं सांगा : कपडा घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. निम्मी ओढाताण वाचते.

कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही सकाळीच रानात जात असाल, तर एका वेळी एकच काम निवडा, आणि तेही जेव्हा खरंच करायचं असतं तेव्हाच शिकवा. आंघोळ शिकवायची ती न्हाणीत, पाणी बादलीत असताना. आईनं शिकवलेलं कमी दर्जाचं, असं मुळीच समजू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावी १९६९ साली एक प्रकल्प सुरू झाला. भाग ग्रामीण, घरं लांब लांब, लहान मुलांना केंद्रावर आणणं अवघड. म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची, आईवडिलांना एखादी नेमकी गोष्ट शिकवायला दाखवायची आणि आठवडाभराचं शिकवणं त्यांच्यावर सोपवायची. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे सिकंदराबादला १९८४ साली सुरू झालेल्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं जेवण, दात घासणं, आंघोळ, कपडे, शौचाच्या सवयी अशा एकेका विषयावर घरच्यांसाठी पुस्तिका काढल्या. परभणीहून सिकंदराबादला थेट गाडी आहे, एकदा तपासणीला जाऊन यावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वय तेरा आहे म्हणून लिहिते. पाळी आली नसेल तर पॅड लावायचा सराव आत्ताच सुरू करा. आली असेल तर तेही पायऱ्या पाडून शिकवा, शेवटची पायरी वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून टाकण्याची. कपडे बदलताना दार लावायचं, हेही शिकवायला हवं. जिचे कपडे रोज कोणीही उठून बदलतं, तिला आपल्या अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हे कळणार कसं? नको वाटलं तर ‘नको’ म्हणायला तिला शिकवा, आणि घरच्यांनी तो नकार ऐकायला हवा.

इथे सासूबाईंशी बोलावं लागेल. लेकराला काही होईल, ही त्यांची भीती खोटी नाही. पण १९७२ साली रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकानं मांडलेला मुद्दा मला पूर्ण पटतो : माणसाच्या आयुष्यातला सगळा धोका काढून घेतला की त्याचा मानही जातो. धोका मोजून मापून घेता येतो, आणि त्यालाही उलटा क्रम चालतो. शाळेतून एकटीनं येणं शिकवायचं असेल तर आधी घराजवळच्या शेवटच्या वळणापासून एकटी येऊ द्या. सासूबाईंनी दारात उभं राहावं, त्यांचं काम तेवढंच. ते जमलं की किराणा दुकानापासून, मग शाळेच्या फाटकापासून. दुकानात एकच नोट देऊन एकच वस्तू आणायची, उरलेले पैसे हातात घेईपर्यंत थांबायचं. पुढे तालुक्याला एसटीनं जायची वेळ येईल. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत मिळते.

शिकलेलं एकाएकी विसरायला लागली, सुस्तावली, तर हट्ट समजून रागावू नका. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडच्या, कानाच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी जास्त आढळतात. जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या.

तिची शाळा मध्येच सोडवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठराविक प्रमाणाइतकं किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा प्रश्न येईल. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज करण्याआधी तिला कशासाठी पालक हवा आहे आणि कशासाठी नको, हे घरात बसून ठरवा. बँक, जमीन, ऑपरेशनची संमती यांत मदत लागेल. कपडे कोणते घ्यायचे, कोणाशी मैत्री करायची, सुट्टीत कोणत्या मावशीकडे जायचं, हे तिलाच विचारा, आणि विचारायची सुरुवात या वर्षीच करा.