नव्वद दिवसांचा हिशेब

कॅनडातल्या एका नगरपालिकेच्या वित्तखात्यात मी एकतीस वर्षे हिशेब-तपासनीस म्हणून काम केले, दुसऱ्यांच्या दप्तरांतील चुका तांबड्या शाईने दाखवून दिल्या, आणि तरीही आमच्याच घरातल्या एका साध्या अर्जात खोटा मजकूर भरून त्यावर पत्नीची सही घेणारा इसम मीच निघालो, ही कबुली आरंभीच देऊन टाकतो. कारण पुढे जे काही सांगणार आहे ते ऐकताना वाचकांनी मला शहाणा समजू नये.

मूळचे आम्ही मिरजेचे. १९७१ साली ओंटारिओ प्रांतात आलो, मुले तिथेच वाढली, आणि २०११ साली सेवानिवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी व फुफ्फुसांनी हिवाळ्याविरुद्ध संयुक्त तक्रार दाखल केल्यामुळे आम्हीही 'स्नोबर्ड' मंडळींत सामील झालो. बर्फ पडू लागण्याच्या सुमारास मोटार भरायची, डेट्रॉइटपाशी सरहद्द ओलांडायची आणि पंच्याहत्तर क्रमांकाचा महामार्ग धरून ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया अशी राज्ये मागे टाकत तीन दिवसांनी फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रेडेंटनजवळ उतरायचे, असा आमचा शिरस्ता. या महामार्गानेच तिथला समाज घडवला आहे, असे मला नेहमी वाटते: मिशिगन, ओहायो व ओंटारिओची माणसे या रस्त्याने आखाताच्या किनाऱ्याला लागतात, तर न्यूयॉर्क व क्वेबेककडची मंडळी पंच्याण्णव क्रमांकाच्या रस्त्याने अटलांटिकच्या किनाऱ्याला, त्यामुळे मोटारींच्या पाट्या वाचूनच आपण कोणत्या समुद्रावर आहोत हे कळावे.

पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी राखलेल्या त्या वस्तीतले जीवन संथ व नियमित असते. सकाळी तळ्याकाठी फेरी मारायची. काठावर मगरीपासून सावध राहण्याची पाटी आहे आणि ती शोभेसाठी लावलेली नाही. मग पिकलबॉल, मग जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी पत्ते. पत्नीने दाराशी कुंडीत कढीलिंब लावला होता. ओंटारिओत जो खिडकीच्या काचेआड रडतरखडत जगे तो तिथे माणसाच्या उंचीचा झाला, आणि परतताना तो बरोबर नेण्याचा तिचा मनोदय मला मोडावा लागला, कारण २००५ साली फ्लॉरिडात आढळलेला संत्र्या-मोसंब्यांचा घातक रोग पसरवणारा कीटक या झाडावरही राहतो आणि म्हणून ते राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. आंब्याची झाडे तर अंगणोअंगणी. पण फळ पिकते मे महिन्यानंतर, तेव्हा आम्ही उत्तरेत! डोळ्यांदेखत मोहोर पाहायचा आणि फळ दुसऱ्याने खायचे, हे मिरजेच्या माणसाला किती जड जाते हे मिरजेच्याच माणसाला कळेल.

या साऱ्या व्यवहाराची कागदोपत्री बाजू अर्थातच माझ्याकडे होती, आणि ती मी निर्दोष ठेवली आहे असा माझा अभिमान होता. बारा नोव्हेंबरला जायचे व एकतीस मार्चला परतायचे म्हणजे एका इंग्रजी वर्षात अमेरिकेत १४० दिवस होतात. प्रांताच्या आरोग्य योजनेचा हक्क टिकवण्यासाठी बारा महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत बाहेर राहण्यास मुभा असल्याने तिथे चिंता नव्हती. परंतु अमेरिकेचे करखाते चालू वर्षाचे सर्व दिवस, गेल्या वर्षाचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा अशी बेरीज करते, ती आमच्या बाबतीत बरोबर २१० भरते, आणि १८३ दिवसांची मर्यादा ओलांडली की माणूस करापुरता तिथला रहिवासी गणला जाऊ शकतो. म्हणून आपले खरे बिऱ्हाड कॅनडात आहे असे सांगणारा ८८४० क्रमांकाचा फॉर्म मी दरवर्षी पंधरा जूनच्या आत दोघांच्या नावे बिनचूक रवाना करीत असे. मागे राहिलेल्या घराचे पाणी मुख्य तोटीपाशी बंद करून नळ रिते करणे, आणि घरविम्याच्या कलमाप्रमाणे शेजाऱ्याकडून घराची पाहणी करवून तारखा वहीत नोंदवून घेणे, हेही चुकले नाही.

चुकले ते भलतीकडेच. २०१८च्या ऑक्टोबरच्या नऊ तारखेला आमच्या डॉक्टरांनी पत्नीची रक्तदाबाची पाच मिलिग्रॅमची गोळी दहाची केली, आणि ती जाताना म्हणाले की प्रकृती अगदी स्थिर आहे, खुशाल जा. त्याच महिन्याअखेर प्रवासी आरोग्यविम्याचे अर्ज आले. दोन्ही अर्ज भरायला मीच बसलो. 'प्रस्थानापूर्वीच्या नव्वद दिवसांत कोणत्याही औषधात अथवा त्याच्या मात्रेत फेरबदल झाला आहे काय?' या प्रश्नावर माझी लेखणी क्षणभरही थांबली नाही. स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले,

"अहो, माझी गोळी वाढवली ते लिहिलंत ना?"

"त्यात काय लिहायचं? औषध तेच आहे. आणि डॉक्टरच स्थिर म्हणाले."

तिने हात पुसले आणि मी बोट ठेवले तिथे सही केली.

पंधरा जानेवारीला संक्रांत होती. आदल्या दिवशी, भोगीला, ती चुलीपाशी तिळगुळाचा पाक पाहत उभी असताना कलथा हातातून पडल्याचा आवाज आला, आणि मी पोहोचलो तेव्हा ती जमिनीवर होती. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. तीन रात्री तिला यंत्रांना जोडून ठेवले, आणि चौथ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. त्या रुग्णालयातल्या शुश्रूषेबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. पण तिकडे एका आजाराचे एक बिल येत नाही. रुग्णालयाचे वेगळे, रुग्णवाहिकेचे वेगळे, तपासणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे, छायाचित्रे वाचणाऱ्याचे वेगळे, असे कागद फेब्रुवारीभर येत राहिले, आणि त्यांची बेरीज २८,४०० अमेरिकी डॉलर झाली. आमच्या प्रांताची योजना परदेशातल्या अशा भरतीसाठी रोज जास्तीत जास्त चारशे कॅनेडियन डॉलर देत असे. म्हणजे तीन दिवसांचे बाराशे.

विमा कंपनीने पत्नीच्या डॉक्टरांकडून सारे दप्तर मागवले, आणि एप्रिलमध्ये दोन पानी पत्र आले. अर्जातले विधान असत्य असल्यामुळे दावा नामंजूर. मी तत्काळ कैफियत लिहिली: मात्रा वाढली नऊ ऑक्टोबरला, आजार आला चौदा जानेवारीला, म्हणजे मध्ये सत्त्याण्णव दिवस गेले, नव्वद नव्हे. उत्तर एका ओळीचे होते. नव्वद दिवस मोजायचे ते आजारापासून मागे नव्हे, प्रस्थानापासून मागे. आणि नऊ ऑक्टोबर ते बारा नोव्हेंबर हे चौतीस दिवस होतात. कंपनीला शिव्या देण्याची सोय होती आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर सर्वांनी त्या मनःपूर्वक दिल्याही. परंतु ते पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला असे दिसले की मी त्या खुर्चीत असतो तर तांबड्या शाईने हाच शेरा मारला असता. दवाखान्यातला 'स्थिर' हा शब्द रोग्याला धीर देण्यासाठी असतो. विम्याच्या कागदावरचा 'स्थिर' हा काहीही न बदललेल्या दिवसांच्या मोजणीचा शब्द आहे, आणि गोळी कमी झाली तरी बहुतेक करारांत तो बदलच धरला जातो.

रुग्णालयाकडे तपशीलवार बिल मागितल्यावर व विमा नसल्याचे सांगितल्यावर त्यांनी रक्कम बरीच खाली आणली. हा मार्ग तिकडे खुला असतो आणि विचारण्यात कमीपणा नाही. तरीही उरले ते थोडे नव्हते. पुतण्याच्या लग्नाला मिरजेला जाण्याचे त्या वर्षी राहिले ते राहिलेच.

म्हणून उबदार देशी जाऊ इच्छिणाऱ्या माझ्या समवयस्कांना एवढीच विनंती आहे की ज्याचा देह त्याचा अर्ज. नवऱ्याने बायकोचा, मुलाने आईचा अर्ज भरून केवळ सहीपुरता पुढे करू नये. अर्जाला बसण्यापूर्वी औषधविक्रेत्याकडून वर्षभरातल्या औषधांचा तारीखवार उतारा काढून घ्यावा. जमिनीचा सातबारा जसा पाहतो तसा तो पाहावा. वार्षिक तपासणी ऑक्टोबरात न ठेवता जुलैत उरकावी, म्हणजे मात्रा बदललीच तर मुदत भरायला अवकाश राहतो. आणि अर्ज भरल्यानंतर पण निघण्यापूर्वी काही बदलले तर ते कंपनीला कळवून उत्तर लेखी घ्यावे. जादा हप्ता भरून नव्वद दिवसांची मुदत कमी करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. विम्याचा साहाय्य क्रमांक माझ्या पाकिटात होता, मी मात्र तो दुसऱ्या दिवशी फिरवला. शक्य तर भरतीच्या आधी, नाहीतर लगोलग, तो फिरवावा, कारण न कळवल्यास मंजूर होणारी रक्कमही घटू शकते.

गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला पत्नीची गोळी पुन्हा बदलली. त्या संध्याकाळी तिनेच दिनदर्शिका काढून दिवस मोजले, नाताळच्या तारखेवर खूण केली आणि आपला अर्ज आपल्या खणात ठेवला. नोव्हेंबर-डिसेंबरचा बर्फ मी दारातून उपसला, आणि आम्ही २८ डिसेंबरला, त्र्याण्णवाव्या दिवशी, निघालो.