जुन्या स्टीरिओ स्पीकरांची परीक्षा व निगा

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनापूर्वीं इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं सभागृहासाठीं वर्गणी गोळा केली. कोणीं शंभर रुपये दिले, कोणीं दहा. एकानें तर मामांनीं दिवाळींत दिलेली पन्नासाची नोट घडी न मोडतां माझ्या हातावर ठेविली. एकंदर साडेआठ हजार रुपये जमले. एवढ्या रकमेंत सभागृहास पुरतील असे चांगले नवे स्पीकर मिळणें कठीण. म्हणून जुन्या बनावटीची एखादी जोडी शोधावी असें ठरलें, आणि मी विज्ञान शिकवितों म्हणून तें काम माझ्याकडे आलें. मी मुंबईच्या एका जुन्या बाजारांत गेलों, शिसवी रंगाची एक देखणी जोडी पाहिली, दुकानदारानें तीवर एका गायिकेचें गाणें हळू आवाजांत लावून दाखविलें, आणि मीं पैसे मोजून दिले. शाळेंत आणून तबल्याची ध्वनिमुद्रिका लावली मात्र, तों उजव्या पेटींतून सुपांत खडे पाखडावेत तसा आवाज येऊं लागला. समोरचें कापड काढून पाहतों तों आंतील मोठ्या पडद्याच्या कडेची फोमची पट्टी बोटाचा स्पर्श होतांच भुकटी होऊन खालीं पडली. डाव्या पेटीचीहि तीच गत.

दुकानदारानें फसविलें असें म्हणणें सोपें आहे. परंतु कापड काढूं नका असें त्यानें मला सांगितलें नव्हतें. मींच तें काढलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलांपुढें उभें राहून ही हकीकत सांगणें मला जड गेलें. तेव्हां नववींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, घेण्यापूर्वीं काय काय पाहावयास हवें होतें?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या दिवशीं मला नीट देतां आलें नाहीं. तें येथें देत आहें.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. स्पीकरच्या मागें एक बळकट चुंबक असतो. त्या चुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटींत बारीक तारेचें वेटोळें, म्हणजे कॉइल, अधांतरीं राहतें, व तें कागदाच्या शंकूला चिकटविलेलें असतें. कॉइलमधून वीज वाहूं लागली म्हणजे तीहि चुंबक होते. विजेची दिशा उलटली कीं तिची ओढ उलटते. ॲम्प्लिफायरकडून येणारी वीज सेकंदास शेंकडों वेळां दिशा बदलते, तितक्या वेळां शंकू पुढें-मागें हालतो, हवा हालते, आणि आपणांस गाणें ऐकूं येतें. या धर्तीच्या स्पीकरला आजचें रूप आलें तें अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील राइस व केलॉग या दोघांच्या १९२५ सालच्या निबंधापासून. शंभर वर्षें होऊन गेलीं, तरी मूळ कल्पना तीच आहे. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वींचा स्पीकर आज निकामी ठरत नाहीं. त्या काळचा रेडिओ किंवा टेलिव्हिजन मात्र संग्रहाचीच वस्तु होऊन बसतो.

शंकूची बाहेरची कड लोखंडी चौकटीला एका मऊ पट्टीनें जोडलेली असते. ही पट्टी शंकूला हालूंहि देते आणि मध्यावर धरूनहि ठेविते. ती कापडाची किंवा रबराची असेल तर बहुधा कित्येक दशकें टिकते. फोमची असेल तर तिचें आयुष्य दहा ते पंचवीस वर्षांचें. हवेंतील ओलावा तिच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडतो, आणि स्पीकर वापरला नाहीं तरी ती कुजते. विकणारे अभिमानानें सांगतात कीं "साहेब, वीस वर्षें नुसता कपाटांत ठेवलेला आहे." त्या सांगण्यावर विश्वास ठेवूनहि पट्टी पाहिलीच पाहिजे. मुंबई व कोंकण यांच्या दमट हवेंत तर विशेषेंकरून पाहावी.

मोठ्या शंकूचा स्पीकर, म्हणजे वूफर, खर्जाचे सूर काढतो. लहान, बहुधा घुमटाच्या आकाराचा ट्वीटर उंच सूर काढतो. कोणते सूर कोणाकडे जावेत हें ठरविणारी एक छोटीशी योजना पेटीच्या आंत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ट्वीटरच्या वाटेंत कपॅसिटर बसविलेला असतो. तो खर्जाची वीज अडवितो. वूफरच्या वाटेंत तारेचें वेटोळें असतें. तें उंच सुरांची वीज अडवितें. जुन्या पेट्यांत हे कपॅसिटर पुष्कळदां इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात, व त्यांतील द्रव कालांतरानें सुकतो. मग ट्वीटर जिवंत असूनहि त्याचा आवाज मंद होतो, आणि टाळ, सतारीची झंकार, शब्दांतील "स" व "श" हीं सर्व घोंगडीआडून आल्यासारखीं वाटतात.

आतां स्टीरिओविषयीं दोन शब्द. दोन पेट्या झाल्या म्हणजे स्टीरिओ झाला असें नव्हे. इंग्लंडांत ई. एम. आय. कंपनीचा इंजिनियर ॲलन ब्लमलाइन यानें १९३१ सालीं या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारांत सर्रास आल्या त्या १९५८ सालीं. दोन पेट्यांतून थोडाथोडा निराळा ध्वनि येतो, आणि आपले दोन कान त्यावरून गायक मध्यें, तबला उजवीकडे, तंबोरा मागें अशी जागा ठरवितात. हें घडावें म्हणून दोन्ही पेट्या जुळ्या भावांसारख्या हव्यात. एकींतील ट्वीटर पूर्वीं कोणीं बदललेला असेल तर गायक एका बाजूस सरकतो. यासाठीं कापड काढून दोन्ही पेट्यांतील स्पीकर ताडून पाहावेत. मागील अनुक्रमांक जवळचे असल्यास फारच उत्तम.

एक उदाहरण घेऊं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज गांवीं एडगर व्हिल्चर व हेन्री क्लॉस यांनीं ॲकॉस्टिक रिसर्च नांवाची कंपनी काढली. त्यापूर्वीं घरांत खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिल्चरनें पेटी हवाबंद केली, शंकूची पट्टी अगदीं सैल ठेविली, आणि पेटींत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें. १९५४ सालीं त्याचा पहिला स्पीकर निघाला. तो पुस्तकांच्या फळीवर राहील एवढा असूनहि त्याचा खर्ज कपाटासारखा. १९५८ च्या ए. आर. ३ मध्यें त्यानें घुमटाकार ट्वीटर बसविला, व १९६७ सालीं ए. आर. ३ ए हा प्रसिद्ध स्पीकर आला. त्याची एकेक पेटी सुमारें २४ किलो भरते. त्याच सालीं व्हिल्चरनें कंपनी विकून टाकिली आणि तो कमी ऐकूं येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांच्या अभ्यासाला लागला. त्यांतील आपल्या शोधाचें त्यानें पेटंटहि घेतलें नाहीं. हें थोडें विषयांतर झालें, परंतु मला तें सांगितल्यावांचून राहवलें नाहीं.

ए. आर. ३ ए घेणाराला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. आरंभींच्या वूफरची पट्टी कापडाची होती, पुढच्यांची फोमची. आणि मागील बाजूस सूर कमीजास्त करण्याच्या ज्या दोन कळा आहेत त्या आंतून गंजतात. कळ गंजली कीं ट्वीटर मेला असें वाटतें. पुष्कळदां ती कळ पंचवीसतीस वेळां दोन्ही बाजूंस फिरविली कीं मेलेला ट्वीटर बोलूं लागतो. शिवाय हा स्पीकर ४ ओहमचा आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरपेक्षां तो ॲम्प्लिफायरकडून अधिक वीज ओढतो. दुर्बल ॲम्प्लिफायर त्यावर तापून बंद पडतो, व दोष बिचाऱ्या स्पीकरवर येतो.

बाजारांत जातांना खिशांत चार वस्तू असाव्यात: विजेरी, दीड व्होल्टचा सेल, दोन हात तार व एक स्वस्त मल्टिमीटर. आपल्या पूर्ण परिचयाचें एखादें गाणेंहि बरोबर न्यावें, कारण दुकानदाराचें गाणें त्याच्या स्पीकरच्या सोयीचें असतें. माझ्या वेळीं असेंच झालें. हळू आवाजांतील त्या गाण्यांत खर्ज जवळजवळ नव्हताच, म्हणून शंकू हाललाच नाहीं व फाटकी पट्टी बोलली नाहीं.

प्रथम पट्टी पाहावी. मग दोन्ही हातांचीं बोटें शंकूच्या मध्याभोंवतीं सारख्या अंतरावर ठेवून शंकू अलगद आंत दाबावा. खरखर ऐकूं आली तर कॉइल चुंबकाला घासत आहे असें समजावें. ही दुरुस्ती कष्टाची, तेव्हां ती जोडी सोडून द्यावी. पेटी हवाबंद जातीची असेल तर दाबून सोडलेला शंकू सावकाश परत येतो. झटकन् आला तर हवा कोठून तरी निसटत आहे. घुमटाला मात्र बोट लावूं नये. लहान मुलें दिसला घुमट कीं दाबतात. पालकांनीं इकडे लक्ष द्यावें.

नंतर मीटर लावावा. ८ ओहमचा वूफर मीटरवर ८ दाखवीत नाहीं, ५.५ ते ७ दाखवितो, आणि तें बरोबर आहे. ४ ओहमचा ३ ते ३.५ दाखवितो. मीटर मुळींच हालला नाहीं तर तार तुटली आहे. परंतु येथें एक फसगत होते. पेटीच्या मागील सुळ्यांना मीटर लावला तर बहुधा केवळ वूफरचीच परीक्षा होते, कारण ट्वीटरच्या वाटेंतला कपॅसिटर मीटरची वीज पुढें जाऊंच देत नाहीं. ट्वीटर कानानेंच तपासावा: कागदाची सुरळी करून एक टोंक कानाला व दुसरें ट्वीटरपाशीं धरावें, आणि गाणें चालू असतां दोन्ही पेट्यांची तुलना करावी.

दीड व्होल्टच्या सेलचें धन टोंक लाल सुळ्याला व ऋण टोंक काळ्याला क्षणभरच टेकवावें. वूफरचा शंकू बाहेर उडी मारतो. जे. बी. एल. कंपनीच्या कित्येक जुन्या स्पीकरांत तो उलट आंत जातो. त्यांत दोष नाहीं, ती त्या कंपनीची जुनी रीत होती. दोन्ही पेट्यांचें वर्तन सारखें असलें म्हणजे झालें. एक बाहेर व एक आंत जात असेल तर दोघांचा खर्ज एकमेकांस खाऊन टाकतो. ही परीक्षा वूफरपुरतीच. सुट्या ट्वीटरला सेल कधींहि लावूं नये.

पेटीचें लांकूड वाजवून पाहावें. तळाशीं फुगवटा असेल तर ओल लागली आहे. बारीक भोंकें व पिठासारखी भुकटी असेल तर कीड आहे. कोंपरा चेपलेला असल्यास ती पेटी कधीं तरी आपटली आहे, आणि आपटण्यानें जड चुंबक जागचा सरकतो.

आमच्या जोडीचें पुढें काय झालें तें सांगतों. शंकूला भोंक नव्हतें व कॉइल शाबूत होती, म्हणून नवी पट्टी लावण्याचा आम्हीं निश्चय केला. चौकटीचा व शंकूचा व्यास मोजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पट्ट्या व योग्य तो गोंद आणला. बाराशें रुपये लागले, ते मीं दिले, व तें योग्यच होतें. दहावीच्या सहा मुलामुलींनीं तीन शनिवार काम केलें. जुना गोंद खरवडण्यांतच पहिला शनिवार गेला. घाई केली असती तर कागद फाटला असता. मग शंकूच्या मधली टोपी काढून, कॉइल व चुंबक यांच्या फटींत चोहोंकडून पातळ कागदाच्या पट्ट्या खोंचल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहते. त्यानंतर नवी पट्टी आधीं शंकूला व मागाहून चौकटीला चिकटविली, आणि पुरता एक दिवस कोणींहि हात लावला नाहीं. कागद काढून शंकू दाबला, खरखर नव्हती. ज्या मुलीनें तो दाबला तिनें नंतर बराच वेळ त्यावर दुसऱ्या कोणाला हात लावूं दिला नाहीं.

कपॅसिटर बदलतांना त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आंकडा जसाच्या तसा राखावा व नवा कपॅसिटर धन-ऋण भेद नसलेल्या जातीचा घ्यावा. रेडिओच्या दुकानांत सहज मिळणारा साधा इलेक्ट्रोलिटिक येथें चालत नाहीं. डाख देतांना मोठें माणूस जवळ हवें. ॲम्प्लिफायरची पेटी विद्यार्थ्यांनीं उघडूं नये. विशेषतः जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत वीज बंद केल्यावरहि प्राणघातक दाब शिल्लक राहूं शकतो.

निगा फारशी अवघड नाहीं. पेट्या जमिनीवर न ठेवतां घडवंचीवर ठेवाव्यात, ओलसर भिंतीपासून हातभर दूर, उन्हाच्या तिरिपेपासून बाजूला. धूळ कोरड्या मऊ कुंचल्यानें झटकावी. ओलें फडकें शंकूला लावूं नये, व रबरी पट्टीला खोबरेल तेल तर मुळींच लावूं नये. (हा उपाय मला एका पालकांनीं मोठ्या आपुलकीनें सुचविला होता.) चुंबकाजवळ लोखंडाचा कीस येऊं देऊं नये. सभागृह मोठें असेल तर तार जाड घ्यावी. यंत्रें चालू करतांना ॲम्प्लिफायर सर्वांच्या शेवटीं चालू करावा, बंद करतांना सर्वांच्या आधीं. वीज गेली तर ताबडतोब त्याचें बटण बंद करावें, म्हणजे ती परत येतांना स्पीकरला धक्का बसत नाहीं.

आणि आवाजाची कळ शेवटापर्यंत पिळूं नये. लोकांची समजूत अशी कीं मोठा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो. प्रत्यक्षांत लहान ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणला म्हणजे आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात, त्यांतून उंच सुरांची जादा वीज उत्पन्न होते, व ट्वीटरची केंसासारखी कॉइल जळून जाते. संमेलनाच्या नाचाच्या वेळीं कळ कोणाच्या हातीं द्यावी हें यासाठींच आधीं ठरवावें लागतें.

पालकांस एक विनंती. माळ्यावर आजोबांच्या वेळचा संच पडलेला असेल तर तो भंगारवाल्याला वजनावर देण्यापूर्वीं कापड काढून एकदां पाहावा, किंवा शाळेंत पाठवावा. आमच्या उजव्या पेटीचा ट्वीटर अजून डाव्यापेक्षां मंद आहे. पावसाळ्यापूर्वीं त्याचे कपॅसिटर बदलावयाचे आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलींत काम चालतें, आणि डाख देणारा आणखी एक स्थिर हात आम्हांला हवा आहे.