मंदिरातली सेवा अर्जात कुठे लिहायची?

"गणपतीत मोदक वळले, तेही लिहायचं का हो?" अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या अर्जाचे दिवस आले की मंडळातल्या एखाद्या आईचा असा फोन येतोच. मागून बाबांचा आवाज असतो, "देवाधर्माचं काही नको घालू, उगाच गैरसमज व्हायचा." मुलगी गप्प. आईबाबांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. भारतात नीटच्या ७२० पैकी किती मिळाले यावर प्रवेश ठरतो, तिथे सेवा कोणी विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. लिहावं. वाचणाऱ्याला तुमच्या दैवताशी देणंघेणं नसतं. कोणासाठी, काय आणि किती दिवस केलं, एवढं त्याला कळायला हवं. म्हणून आरती, अथर्वशीर्षाचं पाठांतर, घरचे उपास हे तुमचं तुमच्यापाशी. त्याचे तास सेवेत धरू नका. श्रद्धेनेच तुम्हाला या वाटेवर आणलं असेल, तर ते वैयक्तिक निवेदनात सांगा. तिथे ५३०० अक्षरांची मुभा आहे. लोमा लिंडासारखं ॲडव्हेंटिस्ट पंथाचं विद्यापीठ तर श्रद्धेबद्दल उघडच विचारतं.

बहुतेक एमडी कॉलेजांसाठी ॲमकॅस हा एकच अर्ज भरावा लागतो. त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव, प्रत्येकाला ७०० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही धरून. त्यातले तीन 'सर्वांत महत्त्वाचे' म्हणून निवडता येतात आणि त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. इतक्या जागेत सुभाषितं परवडत नाहीत.

एका मुलीचा मसुदा माझ्याकडे आला होता. मंदिरातल्या आरोग्य शिबिराची नोंद, आणि पहिली ओळच संस्कृत सुभाषिताची. पुढे 'समाजाचं ऋण', 'संस्कार' वगैरे. मी विचारलं, "त्या दिवशी तू नेमकं काय केलंस?" म्हणाली, "काही नाही, टेबलाशी बसून नावं लिहिली." मग थोड्या वेळाने तिला एक आजी आठवल्या. त्यांनी गोळ्या झिपच्या पिशवीत आणल्या होत्या, काही पुण्याहून आणलेल्या, काही इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या. नावं वेगळी, औषध एकच, आणि आजी दोन्ही घेत होत्या. दोन्हींवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव या मुलीला सारखं दिसलं. तिने स्वतः काही सांगितलं नाही. शिबिरातल्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांचं म्हणणं आजींना मराठीत समजावून दिलं. सुभाषित गेलं, आजी आल्या. आपली मर्यादा ओळखणारी मुलगी तिथे दिसली, आणि हेच तर निवड समितीला बघायचं असतं.

कुठल्या रकान्यात घालायचं, यावर फार डोकं खपवू नका. रुग्णाशी थेट संबंध आला तर वैद्यकीय सेवा. पंगत वाढली, चपला सांभाळल्या तर बिगरवैद्यकीय. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना शिकवलं असेल तर ते अध्यापनात जातं.

तास मात्र खरे लिहा. गणपती दहा दिवसांचे, त्यामुळे 'चार वर्षं सलग' असं लिहिलं की वाचणारा थबकतो. दरवर्षी पुन्हा केलेल्या कामाचे वेगवेगळे कालावधी एकाच नोंदीत दाखवता येतात. प्रत्येक नोंदीत संपर्कासाठी एक नावही द्यावं लागतं. मंडळाचे अध्यक्ष बाबाच असतील (आपल्याकडे बहुधा असतातच) तर चिटणीसांचं नाव द्या.

एक सावधगिरी. काही मुलं उन्हाळ्यात गावी जाऊन आषाढी वारीत सेवा करतात. वारकऱ्यांच्या पायाचे फोड धुतले, मालिश केली, पाणी दिलं, हे जरूर लिहा. पण ओळखीच्या डॉक्टरांनी कौतुकाने इंजेक्शन द्यायला लावलं असेल, तर ती फुशारकी नको. अमेरिकेत ज्याची परवानगी नाही ते गावाकडच्या माणसांवर करून पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ लागतो आणि मुलाखतीत तोच प्रश्न पुढे येतो.

आणि मोदक? वर्षातून एकदा वळले असतील तर सोडून द्या. दरवर्षी तीनशे पानांच्या स्वयंपाकाची आखणी मुलीच्या गळ्यात असेल, तर ती नेतृत्वाची नोंद आहे.

अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो. तोवर पिशवीतल्या गोळ्या कोण लक्षात ठेवणार? सेवेवरून घरी आलात की त्याच रात्री वहीत चार ओळी लिहून ठेवा.