मोडलेले हाड कशाने जुळते?

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. हाड कॅल्शियमचे असते असे सगळे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

बाईंनी वर्गात प्रयोग केला. कोंबडीच्या तंगडीचे एक हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये आठ दिवस बुडवून ठेवले. दुसरे हाड निखाऱ्यात जाळले. व्हिनेगरमधले हाड रबरासारखे वाकले! त्यातले कॅल्शियम निघून गेले आणि प्रथिनांची जाळी तेवढी राहिली. जाळलेले हाड पांढरेशुभ्र झाले, पण बोटाने दाबल्यावर त्याचा भुगा झाला, कारण जाळी जळून गेली होती. आपल्याकडच्या कुडासारखेच हे आहे. आत कारव्या, वरून माती. कारव्याच नसतील तर माती थापायची कशावर?

या जाळीचे नाव कोलॅजन. ती अमिनो आम्लांची बनते. माळेत जसे मणी, तशी प्रथिनांत अमिनो आम्ले. त्यांचे २० प्रकार आहेत. त्यातले ९ आपल्या शरीराला बनवताच येत नाहीत, ते जेवणातूनच मिळवावे लागतात.

हाड मोडले की तिथे आधी रक्त गोठते. मग मऊ सांधा तयार होतो, आणि त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. प्लास्टर हाडाला फक्त जागेवर धरून ठेवते. जुळवायचे काम शरीराचे.

माझे काका आंब्यावरून पडले आणि त्यांची नडगी मोडली. कल्याणला नेऊन प्लास्टर घातलं. घरी आल्यावर आजीने पथ्य सुरू केलं, नुसती तांदळाची पेज. "मोडक्या पायाला वाल चालत नाय, वात धरतो," असं ती म्हणायची. काका वाळत चालले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" पेज ऐकून ते आजीला म्हणाले, "आजी, डाळ, वाल, अंडी, सुकट सगळं द्या. बिडी तेवढी बंद करा, तिने हाड उशिरा जुळतं." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

१०० ग्रॅम तांदळात ७-८ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम. तांदळात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत आणि वालात भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. म्हणून भात आणि डाळ एकत्र खायची. आपल्या शाळेच्या खिचडीत दोन्ही आहेत. नाचणीत कॅल्शियम पुष्कळ असते, तिची भाकरी चांगली.

दुकानात प्रथिनांच्या पावडरीचे महाग डबे मिळतात. आमच्या शेजाऱ्यांनी तो आणायला सांगितला होता. डॉक्टर म्हणाले, "ज्याला जेवण जात नाही त्याला लागतो. याला भूक आहे ना?" मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आजी आठ दिवस कुरकुरली, मग स्वतःच वालाचं बिरडं केलं. चार महिन्यांनी काका काठी न घेता बांधावर गेले. मोडलेल्या जागी हाडाला गाठ लागते. ती हळूहळू झिजून सपाट होते म्हणे. मी दर रविवारी हात लावून बघतो.