वैनगंगा खोऱ्यातील डोंगर, नद्या आणि मामा तलाव

भंडारा-गोंदिया भागातील धान उत्पादक शेतकऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मि.मी. पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी कोरड्या का? याचे उत्तर जमिनीखालच्या खडकात आहे.

पश्चिमेकडचा काळा बेसाल्ट खडक नागपूरच्या आसपास संपतो. त्याच्या पूर्वेस नाईस, क्वार्ट्‌झाईट असे फार जुने व कठीण खडक लागतात. त्यांत पाणी मुरते ते केवळ वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. बाकीचे पाणी गायखुरीसारख्या टेकड्यांवरून नाल्यांत, तेथून चुलबंद, बाघ या नद्यांतून वैनगंगेत जाते. शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. पावसाळा संपला की आपल्या शिवारातले पाणीही गेलेले असते.

हे ओळखूनच कोहळी समाजाच्या पूर्वजांनी दोन टेकड्यांमधील खिंडीत मातीची पाळ घालून पाणी अडविले. नवेगावबांध हे त्याचे ठळक उदाहरण. जादा पाणी सलंगावरून वाहून जाते, सिंचनाचे पाणी तुडुमातून बांध्यांत उतरते. पंप लागत नाही, उतारच काम करतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व हे तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. देखभालीची गावकीची घडी त्यानंतर विस्कटली. पाणलोटातील झाडोरा तुटला, गाळ साचला, बेशरम माजली.

गाळ काढणे आवश्यक आहे, पण यंत्र आले म्हणून वाटेल तेथे खोदू नये. पाळीच्या पायथ्याशी खोदल्यास पाळ कमकुवत होते. तळाच्या चिकण मातीचा थर फोडून मुरमापर्यंत गेल्यास तलाव झिरपू लागतो, मग साठा वाढण्याऐवजी घटतो. तुडुमाच्या पातळीखाली वाढलेला साठा मासे, जनावरे व भूजलास उपयोगी पडतो, पण उताराने बांधीत येत नाही. रोवणीसाठी पाणी हवे असेल तर तुडुमाच्या पातळीवर, काठाकडे साचलेला गाळ आधी काढावा.

काढलेला गाळ हलक्या बरड जमिनीत पातळ थराने पसरावा. आधीच भारी असलेल्या कन्हार जमिनीत तो टाकून फारसा लाभ नाही, उलट निचरा बिघडतो. वाळूमिश्रित गाळ शेतात नेऊ नये. मूठभर ओला गाळ वळून पाहावा, वळी न तुटता झाली तर तो गाळ नेण्यासारखा आहे.