गाडीचा शॉकअप बदलताना

बैलगाडी खड्ड्यात गेली की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. आखावर साठा आणि साठ्यावर माणूस. मध्ये काहीच नाही. धक्का सरळ पाठीच्या कण्यात जातो. मोटारीत तसे होत नाही, कारण चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये स्प्रिंग असते. चाक वर आले की स्प्रिंग दबते. गाडीला धक्का कमी बसतो.

पण नुसती स्प्रिंग असली तर? पाळणा एकदा ढकलला की कितीतरी वेळ हलत राहतो. स्प्रिंगही तशीच. एकदा दबली की वर-खाली, वर-खाली नाचत बसते. ते नाचणे थांबवायला शॉकअप असतो.

शॉकअपच्या आत काय आहे? सायकलचा पंप डोळ्यांपुढे आणा. तोंड मोकळे असले की दांडा भर्रकन खाली जातो. तोंडावर बोट धरा, बारीक फट ठेवा. आता दांडा जातो, पण सावकाश जातो. शॉकअपमध्ये हवेच्या जागी तेल असते. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक भोके असतात. तेलाला त्या भोकांतूनच जावे लागते, म्हणून दांडा हळू चालतो आणि स्प्रिंगचे नाचणे थांबते. खराब रस्त्याने गाडी आली की शॉकअप गरम लागतो, तो त्यामुळेच. धक्क्याचा जोर तेलात जिरतो आणि त्याची ऊब होते.

बोलेरोसारख्या गाडीला मागे पाटे असतात आणि शॉकअप वेगळा असतो. ब्रेझा, क्रेटा, नेक्सॉन या गाड्यांना पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात. या खांबाला स्ट्रट म्हणतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ही रचना काढली. १९५० साली इंग्लंडातल्या फोर्डच्या कॉन्सल गाडीला ती होती. आपल्याकडचे मिस्त्री त्यालाही शॉकअपच म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो.

आमच्या पुतण्याकडे अशीच एक उंच गाडी आहे. गावातला आजारी माणूस, अडलेली बाई, कुणालाही रात्री-अपरात्री तालुक्याला न्यायचे तर तीच गाडी. २०१९ च्या पावसाळ्यानंतर ती गाडी बिघडली. ब्रेक दाबला की नाक खाली घाली. वळणावर एका अंगाला कलंडल्यासारखी होई. टायर सारखा न झिजता मध्ये मध्ये खळगे पडल्यासारखा झिजला होता. आम्ही चाकामागे वाकून पाहिले, तर शॉकअपच्या नळीवर तेल ओघळले होते आणि त्यावर धूळ बसून चिखल झाला होता. आतले सील गेले की तेल असे बाहेर येते.

गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडायचा, अशीही एक परीक्षा आहे. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप गेला. पण उंच, जड गाडीत या परीक्षेवर फार भरवसा ठेवू नये. तेल आणि टायर पाहावा. शॉकअप गेला की खराब रस्त्यावर चाक जमीन सोडते. जमीन सोडलेल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आत बाळंतीण असेल, समोर शाळेची पोरे असतील. नुसते हादरे सोसले म्हणजे झाले, असे हे नाही.

पुतण्याने नवी जोडी आणली. जोडीच आणावी. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागते. मजुरी वाचवावी म्हणून त्याने काम घरीच काढले. सुरुवात चांगली केली. सपाट, टणक जागा. मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट आधी जमिनीवरच थोडे ढिले केले. मग जॅक लावला आणि खाली घोडी ठेवली. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये, हे त्याला ठाऊक होते. ब्रेकचा रबरी पाइप आणि तार सोडवून घेतली. खालचे दोन मोठे बोल्ट काढले. चाकाचा भाग पाइपवर लोंबू नये म्हणून दोरीने बांधला. वर बॉनेटखाली तीन लहान नट असतात आणि त्यांच्या मध्ये एक मोठा. त्याने तीन लहान काढले. अख्खा खांब बाहेर आला. इथपर्यंत सगळे बरोबर.

मग तो अंगणात बसला. खांब दोन गुडघ्यांत धरला आणि मधल्या मोठ्या नटाला पाना लावला. आम्ही बाजेवर बसून पाहत होतो. आम्हांला तरी काय कळत होते!

तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आला. तालुक्याला मिस्त्रीकाम करतो. तो फाटकातूनच ओरडला, "दादा, हात काढा! गुरुजी, तुम्ही बी मागं सरा!"

दीड टनाच्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर चार क्विंटलांच्या आसपास भार येतो. तो पेलणारी ती स्प्रिंग. खांब गाडीतून काढला तरी ती मोकळी होत नाही, दाबलेलीच राहते. तिला फक्त तो मधला नट धरून असतो. नट निघाला की वरची लोखंडी तबकडी गोफणीच्या दगडासारखी सुटते. तो शिकाऊ होता तेव्हा त्याच्या उस्तादाचा जबडा अशाच तबकडीने मोडला होता. हे सांगताना त्याने स्वतःच्या गालावर हात ठेवला. पुतण्या पाना खाली ठेवून गप्प बसला.

स्प्रिंग दाबायचे वेगळे हत्यार असते. मिस्त्रीने ते आणले. समोरासमोर दोन्ही बाजूंना आकडे लावले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच बाजू आवळली तर आकडा निसटतो. स्प्रिंग तबकडीपासून सुटून हातानेच फिरू लागली, तेव्हा त्याने मधला नट काढला. वरचे रबर चिरलेले होते, तेही नवे घातले. हे रबर पुन्हा जुनेच बसवणे म्हणजे चार दिवसांनी तेच काम परत करणे. स्प्रिंगचे टोक खालच्या खाचेत नीट बसले ना, ते पाहिले. नवा दांडा त्याने पकडीने धरू दिला नाही. दांड्यावर चरा पडला की नवे सीलही फाटते.

गाडी जोडून झाल्यावर मिस्त्रीने कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाहून नट आवळले. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. खालचे बोल्ट काढले की चाकाची तिरकस बदलते आणि नवे टायर खाल्ले जातात.

जुन्या नळ्या पुतण्याला कापून शेतात खुंट्या करायच्या होत्या. मिस्त्रीने तेही करू दिले नाही. पुष्कळ शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबलेला वायू भरलेला असतो. ते कापू नयेत, आगीत टाकू नयेत. भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगूनच द्यावेत.